सरकीवाले जमादार

पोलीस ठाण्यात कापूस कशाला, असं कोणी विचारलं की माझं डोकं अजून सटकतं. होता आमच्या ठाण्यात कापूस. हातकड्यांच्या पेटीशेजारी, पोत्यात, सरकीसकट. आणि तो तिथं का होता ते सांगायचं तर आमच्या जमादारांबद्दल सांगावं लागेल. गाव त्यांना सरकीवाले जमादार म्हणायचं. काही लोक येडा जमादार पण म्हणायचे. असं म्हणणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांनी त्यांच्यासमोर मांडी घालून सरकी काढलेली होती, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

मी बडनेऱ्याची. बाप रेल्वेत होता, रेल्वेच्या क्वार्टरांत रोज एक भांडण ऐकून मोठी झाले, त्यामुळं माझी जीभ आधीपासूनच तिखट. भरती झाले अकोला जिल्ह्यात आणि पहिली नेमणूक मिळाली बार्शीटाकळीच्याही पलीकडं, एका आडवळणाच्या ठाण्यात. ठाण्याचं नाव सांगत नाही, तिथले काही जण अजून पेन्शन खाताहेत. ठाण्यात बाई मी एकटीच. पहिल्याच दिवशी ठाणेदारांना विचारलं, बायकांसाठी संडास कुठं आहे? ते हसले. त्यांचं पाहून सगळं ठाणं हसलं. कोपऱ्यात एक वाळकुडा माणूस खाली मान घालून कापसातली सरकी काढत बसला होता, तो तेवढा हसला नाही. संध्याकाळी जाताना म्हणाला, "पोरी, मागं माहं क्वार्टर हाय. बायको घरीच असते. इच्यारत बसू नको, सरळ येत जाय." ते जमादार.

त्यांची पद्धत अशी. कोणी कोणाचं डोकं फोडलं, बायकोला झोडपलं, बांधावरून भावाच्या अंगावर धावून गेला, की ठाण्यात आल्या आल्या बाकीचे पोलीस त्याला उभं करायचे, शिव्या द्यायचे, दोन ठेवून द्यायचे. जमादार म्हणायचे, "दादा, बसा." कितीही मोठा गुंड असो, त्याला दादा आणि अहो. मग त्याच्यापुढं कापसाचा ढीग टाकायचे आणि स्वतःही एक मूठ घ्यायचे. "सरकी काढा. काढता काढता सांगा." आमच्याकडं म्हाताऱ्या वातींसाठी हातानं सरकी काढतात, ते काम. बोटं नाजूक चालवावी लागतात, ओढाताण केली की सरकीला कापूस चिकटून राहतो आणि पुन्हा काढावी लागते. मिशीवाले पहिलवान त्या कामात घामाघूम व्हायचे. निघालेल्या कापसाच्या वाती जमादारांची बायको करायची आणि त्या गावातल्या मारुतीला आणि तळ्यावरच्या दर्ग्यात जायच्या. दोन्हीकडं दिवे आमच्या आरोपींच्या हातचे जळायचे.

आम्हाला त्रास एकच. कापूस उडतो म्हणून जमादार पंखा लावू द्यायचे नाहीत. अकोल्याचा मे महिना ज्याला माहीत आहे त्याला मी काय सांगू! मी एकदा पाय आपटून म्हणाले, "जमादार, आरोपीआधी मीच मरीन इथं." तर शांतपणे म्हणाले, "मंग बाहेर लिंबाखाली बस. पंख्याचं बटन त्या दादायच्या डोक्याजवळ हाय, त्यायले बी गरम होऊन राहिलं, पन त्यायनं लावला का?" बसले जाऊन कडुलिंबाखाली.

सरकी काढताना ते प्रश्न विचारायचे. दिसायला साधे, पण माणूस त्यात असा अडकायचा की बस. एकदा एकानं बायकोचं डोकं फोडलं होतं. रडत होता. "राग आला साहेब. डोळ्यापुढं अंधारी आली. मले काई दिसलंच नाही."

"काय हाती आलं?" जमादारांनी विचारलं.

"लाकूड. चुलीतलं."

"विळा कुठी होता?"

"तिथंच होता. पाटाजवळ."

"मंग विळा काऊन नाई घेतला?"

तो माणूस दचकला. "विळा? विळा घेतला असता त मेली असती ना ते!"

"म्हंजे दिसत होतं," जमादार म्हणाले आणि पुढची मूठ घेतली. "विळा दिसला, लाकूड दिसलं, इच्यार केला, लाकूड घेतलं. मंग मले काऊन सांगून राहिले का अंधारी आली म्हनून?"

मी लहानपणापासून ऐकत आले होते की राग वाईट, राग आंधळा, राग आला की माणूस माणसात राहत नाही. जमादार म्हणायचे, सगळं खोटं. राग चांगला टुकूटुकू पाहत असतो. समोरचा कोण आहे, आपल्याला पुरतो की नाही, कोणी उलटून मारेल का, नोकरी जाईल का, सगळं पाहतो आणि मगच येतो. "मी सव्वीस वर्षं पोलिसात हाय," ते म्हणायचे, "रागाच्या भरात कलेक्टरले मारलेला मानूस अजून मी पायला नाई."

ती वर्षं वाईट होती. कपाशी बोंडातच सडायची, नाहीतर पावसानं दडी मारायची, वर्तमानपत्रात रोज आमच्या जिल्ह्यांचीच नावं. मुंबईहून गाड्या यायच्या, फोटो काढून जायच्या. त्या वर्षांत ठाण्यात एक नवाच शब्द आला होता, टेन्शन. पोराला मारलं, टेन्शन. भावजयीला जाळायला निघाला, टेन्शन. पुढारी यायचे, म्हणायचे, "साहेब, नापिकी आहे, माणसं चिडलेली आहेत, समजून घ्या." ठाणेदार समजून घ्यायचे. समजून घेणं त्यांना सोयीचंच होतं, गुन्हा कमी दाखवता यायचा.

जमादार समजून घ्यायचे नाहीत. माणूस दुःखी आहे हे ते कधी नाकारायचे नाहीत, उलट एखाद्याच्या शेजारी तासन्‌तास बसायचे, त्याच्या घरी जाऊन यायचे, बँकेच्या साहेबाशी त्याच्यासाठी भांडायचे. पण हात उचलला असेल तर मात्र एकच बोलणं. "नापिकी साऱ्या गावाले झाली. मारलं तुमी एकट्यानं. दुःख सरकारचं असन, पावसाचं असन, हात कोनाचा हाय?" मग समोरचा माणूस आपल्या हाताकडं पाहत बसायचा. काही जण रडायचे, काही जण चिडायचे, आणि दोघांनाही सरकी काढावीच लागायची.

एवढं ऐकून कोणाला वाटेल की जमादार म्हणजे संतमाणूस. अजिबात नाही! भारी हट्टी, चिकट, कोणाचं ऐकायचं नाही. मी एकदा म्हणाले, "तुम्ही बरे, तुम्हाला राग येत नाही." तर ताडकन म्हणाले, "कोन म्हनलं? मी भल्ला रागीट हाय. म्हनून त मले ठावूक हाय तो कसा येते." त्यांची सरकारी काठी क्वार्टरच्या अंगणात दोन खुंट्यांना आडवी बांधलेली होती आणि बायको तिच्यावर लुगडी वाळत घालायची. काठी हातात असली की हात शिवशिवतो, असं त्यांचं म्हणणं.

आता पोळ्याची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही.

आमच्या हद्दीतल्या एका गावात तोरणाखाली पहिली जोडी उभी करायचा मान एका घराण्याकडं होता. त्या घराण्याचा त्या वेळचा मानकरी पस्तिशीतला, धिप्पाड, आणि त्याचा तापटपणा पंचक्रोशीत गाजलेला. गाजलेला म्हणजे काय, त्याची आईच कौतुकानं सांगायची. एकदा जमादार आणि मी काही कामानं त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा म्हातारी म्हणाली, "लहानपनापासून असाच हाय बाप्पा. भाकर थंडी लागली की ताट भिरकावते."

जमादारांनी चहाचा घोट घेऊन विचारलं, "अन् सासरवाडीले?"

"तिथं कायले? तिथं त बिच्चारा शब्द नाई बोलत. शियं, कालचं बी जेवून घेते."

जमादारांनी माझ्याकडं पाहिलं. मी पदर नसलेल्या युनिफॉर्मात हसू कुठं लपवायचं ते शोधत होते.

त्या वर्षी उन्हाळ्यात या मानकऱ्यानं आपली बैलजोडी गुपचूप विकली. विकण्यात काही लाज नव्हती, अर्ध्या गावानं विकली होती. पण पोळा आला आणि पहिल्या जोडीचा मान सोडवेना. मग त्यानं काय करावं? शेजारच्या वावरवाल्या शेतकऱ्याची जोडी एका दिवसापुरती मागून आणली, झूल आपली घातली, बाशिंग आपलं बांधलं, आणि आखरावर, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, सगळ्यांपुढं तोरणाखाली नेऊन उभी केली. बैल कोणाचे हे गावाला माहीत होतं. कोणी बोललं नाही.

ज्याची जोडी, तो कास्तकार मागं गर्दीत रिकाम्या हातानं उभा होता. साधा माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. बँड वाजला, फटाका फुटला, बैल बुजले. आणि याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हो रे चांद्या, हो, हो."

झालं! चांद्यानं कान टवकारले, मानकऱ्याच्या हातातली दोरी ओढली, जोडीदाराला घेतलं आणि तोरणाकडं पाठ करून झुलीबाशिंगासकट सरळ आपल्या मालकाजवळ जाऊन उभा राहिला. सगळं गाव हसलं. पोटं धरून हसलं. मी बंदोबस्ताला होते, मी पण हसले. आणि तेवढ्यात मानकरी गर्दी फोडत गेला आणि हातातल्या काठीनं त्या कास्तकाराचा उजवा हात कोपराखाली मोडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे. आम्ही धावलो, त्याला पकडलं, तोवर व्हायचं ते झालं होतं.

आणि तो हात मोडलेला माणूस दवाखान्यात काय म्हणाला? "चूक माही हाय साहेब. मी आवाज द्यायले नको होता." डॉक्टरांना त्यानं सांगितलं, बैलानं ढकललं, पडलो. गावानं पाहिलं होतं, मी स्वतः पाहिलं होतं, पण गाव म्हणे, "त्याचा स्वभाव मालूम हाय ना? मंग कायले चेतवायचं?" ठाणेदार म्हणाले, फिर्यादीच पडलो म्हणतो तर कोर्टात काय टिकणार आहे, आपसात मिटवून टाका. जमादार त्या माणसाच्या घरी जाऊन आले, परत जाऊन आले. दर वेळी तेच. चूक माही. जमादारांना तो मोडलेला हात जेवढा लागला नव्हता तेवढं हे वाक्य लागलं. मला म्हणाले, "बाई, हात डॉक्टर जोडन. पन हा मानूस जिंदगीभर म्हनन का मीच मले मारून घेतलं. ते काऊन सोडायचं?"

तरी त्यांनी मानकऱ्याला ठाण्यात बोलावलं. तो आला, ऐटीत, पुढाऱ्याची जीप घेऊन. जमादार म्हणाले, "दादा, बसा." कापूस पुढं टाकला. त्यानं हात लावला नाही. "हे बायकायचं काम हाय."

"बरं. लोक हसले तवा कोन कोन हसलं?"

"सारं गाव हसलं."

"सरपंच?"

"हसले."

"तुमचे साळे?"

"ते बी हसले."

"मंग इतक्या लोकायतून त्या एकट्याचाच हात काऊन मोडला?"

मानकरी हसला. म्हणाला, "एकच त मोडला. दुसरा हाय ना अजून. त्यानं मागन भीक."

आणि जमादारांनी त्याच्या थोबाडीत मारली.

अशी बसली की बाहेर लिंबावरचे कावळे उडाले असतील. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आतून गार वाटलं. ठाणेदार केबिनच्या बाहेर आले आणि म्हणाले, "शाब्बास जमादार! इतक्या वर्षांनी पोलीस झालात." सगळे हसले.

जमादारांचा चेहरा मात्र कापसासारखा झाला होता. ते खाली बसले, थोडा वेळ आपला हात मांडीवर उलटा ठेवून पाहत राहिले. मग मला म्हणाले, "बाई, ठाण्याच्या डायरीत घे. मी आरोपीले मारलं." मी म्हणाले, "एका चापटीची नोंद? वेड लागलं का तुम्हाला?" म्हणाले, "घेते का मी घेऊ?" ठाणेदार ओरडले, शिव्या दिल्या, तुमची फौजदारकीची बढती तोंडावर आली आहे म्हणून सांगितलं. जमादारांनी स्वतः उठून नोंद घेतली. वर मानकऱ्याला म्हणाले, "दादा, तुमाले माह्यावर तक्रार देता येते. द्या." तो बावचळला. असा पोलीस त्यानं जन्मात पाहिला नव्हता. पण पुढारी शहाणे होते. तक्रार आली, दोन दिवसांत मोर्चा आला, आठवड्यात जमादारांची अकोल्याला मुख्यालयात बदली झाली आणि चौकशी लागली. पोतं आम्ही बांधून कोपऱ्यात ठेवलं. मी पंखा लावला, आणि पंख्याखाली बसून मला पहिल्यांदा त्या माणसाचा राग आला. एवढी हौस कशाला म्हणते मी! सगळे मारतात, कोण लिहून ठेवतं?

चौकशी दिवाळीनंतर झाली, अकोल्यात. मी साक्षीदार. व्हरांड्यात मानकरी उभा होता आणि त्याच्याजवळ बाकावर तो हात मोडलेला कास्तकार. मानकऱ्यानंच त्याला जीपमधून आणलं होतं. जमादार खोट्या तक्रारीसाठी घरी येऊन दबाव टाकत होते, असं त्या कास्तकारानं सांगायचं ठरलं होतं. तेवढं त्यानं सांगितलं की जमादार संपले आणि हाताचं प्रकरणही कायमचं संपलं. नेहमीप्रमाणं लाइट गेलेली, म्हणून खोलीचं दार उघडं होतं. आतलं बाहेर ऐकू येत होतं.

चौकशीचे साहेब पुण्याकडचे, भले गृहस्थ. त्यांनी आधी मला विचारलं. जमादारांनी मला सकाळीच बजावलं होतं, पायलं ते सांगजो. मी म्हणाले, "मारली साहेब. मी असते तर दोन मारल्या असत्या." साहेब लेखनिकाला म्हणाले, "दुसरं वाक्य घेऊ नका." मग ते जमादारांकडं वळले. त्यांना वाचवायचंच होतं बहुतेक. म्हणाले, "जमादार, तुमची सर्व्हिस चांगली आहे. आरोपीनं शिवीगाळ केली असेल, वर्दीला हात घातला असेल, तुमचा तोल गेला. एवढं लिहून द्या, मी ताकीद देऊन मिटवतो."

जमादार उभे राहिले. "नाई साहेब. शिवी नाई दिली त्यानं. वर्दीले हात बी नाई लावला. वाईट बोलला, हे खरं. पन त्याच्यापरीस वाईट मले आमचे ठाणेदार साहेब बोलतात, रोज, साऱ्या ठाण्यासमोर. त्यायले मी सॅल्यूट ठोकतो." आमचे ठाणेदार तिथंच खुर्चीवर बसले होते. "म्हंजे तोल होता साहेब माह्याजवळ. हा मले पुरते, हे मले दिसत होतं. मी मारलं. कोनी मारायले लावलं नाई. जे असन ते लिहा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. वेतनवाढ गेली, बढती गेली, जमादार जमादार म्हणूनच निवृत्त झाले, ते सगळं त्या उत्तरानं झालं.

मग त्या कास्तकाराला आत बोलावलं. गळ्यात फडकं, त्यात हात, हाड वाकडं जुळलेलं. साहेबांनी विचारलं, "या जमादारांनी तुमच्यावर तक्रार देण्यासाठी दबाव आणला?"

त्यानं जमादारांकडं पाहिलं, मग दाराकडं पाहिलं. "दबाव त व्हरांड्यात उभा हाय साहेब," तो म्हणाला. "त्याच्याच जीपनं आलो मी." साहेब दचकून सरळ बसले. तो बोलतच राहिला, एवढा बोलताना मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. "हे जमादार म्हनून राहिले, मी मारलं, कोनी लावलं नाई. मंग इतके दिवस मी काऊन म्हनून राहिलो का मी आवाज देल्ला म्हनून माहा हात मोडला? साहेब, माही तक्रार कुठी घेतात?"

साहेब म्हणाले, तक्रार इथं नाही, ठाण्यात. मी खुर्ची मागं सारली. "मी घेते. चला भाऊ." त्या जीपजवळून आम्ही तशीच मान वर करून गेलो, एस.टी.नं परत आलो. निघताना फाटकाशी जमादार एवढंच म्हणाले, "त्याचे शब्द लिहिजो. तुहे घुसवू नको."

ठाणेदार आमच्या आधीच पोचले होते. केबिनच्या दारातून पाहत होते, पण साहेबांसमोर सगळं बोलणं झाल्यामुळं नाही म्हणायची सोय उरली नव्हती. तो सांगत गेला, मी लिहीत गेले. "बैल माहे. आवाज माहा. हात बी माहाच. मोडला त्यानं. लिहा." मी तसंच लिहिलं आणि वाचून दाखवलं. मग शाईचा डबा पुढं सरकवला, उजवा हात तर कामाचा नव्हता. त्यानं डबा परत सारला.

"आंगठा नाई देत. सही करतो."

डाव्या हातात पेन धरून तो वाकला. एकेक अक्षर काढायला त्याला किती वेळ लागला काय सांगू, घाम आला, ओळ सोडून सही खाली घसरली, शेवटचं अक्षर कागदाच्या काठाला जाऊन टेकलं. त्यानं ते निरखून पाहिलं आणि जरा भीत विचारलं, "चालते ना बाई, कोर्टात?"

मी केबिनच्या दाराकडं पाहिलं आणि सगळ्या ठाण्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "कोन म्हनते नाई चालत, त्याले आना माह्यासमोर."